गव्हाणीचा हिशेब कोण मांडणार?

दुधाच्या दराचा प्रश्न पेटला की महाराष्ट्रात जे घडते त्याचा क्रम आता सर्वांच्या परिचयाचा झाला आहे. मोर्चे निघतात, टँकर अडविले जातात, रस्त्यावर दूध ओतले जाते, मंत्रालयात बैठक होते आणि काही रुपयांची वाढ किंवा अनुदान पदरात पाडून आंदोलन मागे घेतले जाते. जुलै २०१८ च्या आंदोलनानंतर लिटरला २५ रुपये दर कबूल झाला. जुलै २०२३ मध्ये गाईच्या दुधाला ३४ रुपये किमान दर शासनाने ठरविला. परंतु वर्ष संपण्यापूर्वीच तो कोसळला आणि जानेवारी २०२४ मध्ये लिटरमागे ५ रुपयांच्या मुदतीच्या अनुदानाची मलमपट्टी करावी लागली. ऑक्टोबर २०२४ मध्ये सूत्र पुन्हा बदलले : संघांनी २८ रुपये द्यावेत, वरचे ७ रुपये शासन देईल. सहा वर्षांत दराची इतकी सूत्रे झाली. पण यांपैकी एकाही सूत्राला गव्हाणीत काय पडते, त्याला काय मोल द्यावे लागते, हा प्रश्न शिवलेला नाही.

या आंदोलनांत आपले कार्यकर्ते आघाडीवर राहिले, लाठ्याही त्यांनी खाल्ल्या. त्यांच्या लढ्याचे मोल कमी लेखण्याचा येथे हेतू नाही. मुद्दा असा की, दुधाचा धंदा म्हणजे मुख्यतः चाऱ्याचे दुधात रूपांतर करण्याचा धंदा होय. त्याच्या खर्चातील सर्वांत मोठा वाटा वैरण आणि पशुखाद्य यांचा असतो. असे असताना आपण केवळ विक्रीच्या दरावर लढतो आणि खर्चाची बाजू व्यापारी, कारखानदार व निसर्ग यांच्या हवाली करून मोकळे होतो. परिणाम असा की, दरात मिळविलेला रुपया पेंडीच्या पोत्यातून परत जातो.

एका गाईचा हिशेब

बोलणे मोघम राहू नये म्हणून एक हिशेब मांडू. चारशे किलोंच्या आसपास वजनाची, दिवसाला १० लिटर दूध देणारी संकरित गाय घेऊ. पशुवैद्यक शास्त्राच्या सर्वमान्य प्रमाणानुसार तिला शरीरपोषणासाठी सुमारे दीड किलो आणि प्रत्येक लिटर दुधामागे ४०० ग्रॅम असे एकूण साडेपाच किलो पशुखाद्य लागते. त्याशिवाय २० किलो हिरवा चारा आणि ४ किलो कोरडी वैरण. दर गावोगावी आणि महिन्यामहिन्याला बदलतात. हिशेबापुरते पशुखाद्य ३० रुपये, हिरवा चारा ३ रुपये आणि कोरडी वैरण ८ रुपये किलो धरू. पशुखाद्याचे १६५, हिरव्याचे ६० आणि कोरड्याचे ३२, मिळून दिवसाचा खर्च २५७ रुपये. २८ रुपये दराने दुधाचे आले २८०. उरले २३ रुपये.

या २३ रुपयांतून गोठ्यातील अंथरूण, औषधे, रेतन, वीज, पाणी आणि सकाळ-संध्याकाळ राबणाऱ्या माणसांची मजुरी निघावयाची आहे. पशुखाद्य किलोमागे ४ रुपयांनी चढले की २२ रुपये एका झटक्यात जातात आणि हातात एक रुपया राहतो. हीदेखील गाय दूध देत असतानाची गोष्ट झाली. ती वर्षातून किमान दोन महिने भाकड असते. त्या काळात फक्त शरीरपोषणाचे खाद्य आणि तोच चारा दिला तरी दिवसाला १३७ रुपये, म्हणजे ६० दिवसांचे ८,२२० रुपये होतात. दुभत्या ३०० दिवसांत रोजचे २३ रुपये न चुकता शिल्लक पडले, तरी त्यांची बेरीज ६,९०० होते. म्हणजे दुभत्या काळाची सारी शिल्लक भाकड काळाची वैरणसुद्धा पुरी करीत नाही.

मग लाखो कुटुंबे हा धंदा कसा करतात? ती तो करू शकतात, कारण यातील बराचसा खर्च ती मोजतच नाहीत. बांधावरचे गवत, स्वतःच्या शेतातील कडबा, घरातील बाईने उन्हात फिरून आणलेला भारा, तिने पहाटे उठून काढलेले शेण, यांपैकी कशालाही वहीत जागा नाही. ‘दुधात परवडते’ असे जे म्हटले जाते, त्याचा खरा अर्थ ‘बाईची मजुरी शून्य धरली तर परवडते’ एवढाच आहे. आणि ज्या कुटुंबाला जमीनच नाही, ज्याला प्रत्येक पेंढी विकत घ्यावी लागते, त्याला तेवढेही परवडत नाही.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. ‘दूध उत्पादक’ हा एकसंध वर्ग नव्हे. ज्याच्याकडे पाच एकर ऊस आहे त्याला तोडणीच्या हंगामात वाढे घरचे मिळते. त्याच्याकडे मूरघासाचा खड्डा असतो. सुगीत कडबा स्वस्त असताना शेकड्याने भरून ठेवण्याइतका पैसाही असतो. अर्धा एकर कोरडवाहू बाळगणारी विधवा किंवा भूमिहीन मजूर मात्र मे महिन्यात, भाव टोकाला गेले असताना, आठवड्याची वैरण आठवड्याला घेते. एकच दूध, एकच फॅट, एकच दर. पण दोघांचा लिटरमागे खर्च मात्र भिन्न. दुष्काळात बाजारात प्रथम जे जनावर मातीमोल भावाने विकले जाते ते याच दुसऱ्या दावणीचे असते. समाजवादी पक्षाने दुधाच्या प्रश्नाकडे कोणत्या दावणीवरून पाहावयाचे, याबद्दल शंका असू नये.

जे मोजले गेले नाही

चाऱ्याकडे दुर्लक्ष ही आजची गोष्ट नाही. १८७८ च्या कायद्याने वनखात्याने कुरणे व डोंगर आपल्या ताब्यात घेतले तेव्हा लाकूड मोजले गेले, गवत मोजले गेले नाही. महात्मा फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ मध्ये जंगलखात्याने शेतकऱ्याच्या गुरांची चराई हिरावल्याची तक्रार १८८३ साली केली, ती याच अनुभवातून. स्वातंत्र्यानंतर राज्यकर्ते बदलले, परंतु दृष्टी बदलली नाही. १९६४ साली संकरित ज्वारीचे सी.एस.एच.-१ हे पहिले वाण आले. धान्य वाढले, पण ताट बुटके झाले आणि कडबा घटला. धान्याचे क्विंटल मोजणाऱ्यांना त्या कडब्याची किंमत कधी दिसली नाही. शेतकऱ्याला मात्र दिसली. ज्या मालदांडीला रब्बीच्या कोरडवाहू पट्ट्यातील शेतकरी इतकी वर्षे चिकटून राहिला, ती तिच्या भाकरीइतकीच तिच्या कडब्यासाठी.

आज ती मालदांडीही मागे हटत आहे. ज्वारी उपटण्याची मजुरी परवडत नाही, रेशनवर गहू-तांदूळ मिळतो आणि सोयाबीन, हरभरा, ऊस रोकड देतात. सोयाबीनचे भुसकट जनावर नाखुशीने खाते. जेथे हार्वेस्टर फिरतो तेथे गव्हाचा काड शेतातच विखरून पडतो आणि पुष्कळदा पेटवून दिला जातो. पीकपद्धतीतील प्रत्येक बदल शेतकऱ्याच्या घरातून चारा बाहेर काढीत गेला आणि त्याची जागा बाजारातल्या पोत्याने घेतली.

आणि या पोत्याचा भाव ठरतो कोठे? सरकी पेंडीचे वायदे गेली अनेक वर्षे अकोल्याच्या आधारभावावर चालत आले आहेत. डिसेंबर २०२१ मध्ये महागाईच्या नावाखाली सेबीने हरभरा, गहू, मोहरी, सोयाबीन आदी सात शेतमालांचे वायदे थांबविले. ज्यांचे भाव वाढल्याने शहरी ग्राहक अस्वस्थ होतो असे ते जिन्नस होते. सरकी पेंड त्या यादीत नव्हती. पेंड महागल्याने ज्याच्या पोटाला चिमटा बसतो तो ग्राहक गव्हाणीशी उभा आहे, आणि त्याला मत नाही! पण त्याच्या मालकाला मत आहे, हे आपण तरी विसरता कामा नये.

गायरानांची कथा याहून दुःखद आहे. गावच्या दप्तरात चराऊ म्हणून नोंदलेली जमीन प्रत्येक नव्या योजनेला ‘मोकळी’ दिसते. कधी औद्योगिक वसाहत, कधी शासकीय इमारत आणि आता सौर कृषी वाहिनीचे वीजप्रकल्प. सूर्यप्रकाशापासून वीज करण्यास कोणाचाच विरोध असू नये. परंतु ज्या जमिनीवर गावातील भूमिहीनाची शेळी आणि गाय चरत होती, ती देताना तिच्या चाऱ्याची किंमत कोणी लावली, हे विचारले पाहिजे. त्याचबरोबर एका गल्लतीपासून सावध राहावे. गायरान वाचविण्याच्या नावाखाली, दादासाहेब गायकवाडांच्या १९५९ व १९६४ च्या भूमिहीन सत्याग्रहांची परंपरा सांगत पिढ्यान्पिढ्या एक-दोन एकर कसणाऱ्या दलित कुटुंबांना हुसकण्याचे डाव गावोगावी रचले जातात. सार्वजनिक जमिनींवरील अतिक्रमणे काढावीत असा आदेश देणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या निकालानेही भूमिहीनांना दिलेल्या जमिनींचा अपवाद मान्य केला आहे. गवत आणि भूमिहीन यांना परस्परांविरुद्ध उभे करणारे राजकारण आपले नव्हे.

गोमाता आणि गोऱ्हा

चाऱ्याच्या खर्चात आणखी एक ओझे कायद्याने टाकले आहे. गाईच्या हत्येस बंदी करणारा राज्याचा कायदा १९७६ चा. २०१५ च्या दुरुस्तीने ती बंदी बैल व वळू यांनाही लागू झाली. धर्मश्रद्धेचा आदर ठेवूनही अर्थशास्त्राचा प्रश्न विचारता येतो. ट्रॅक्टर आल्यावर गोऱ्ह्याला औत उरले नाही. थकलेला बैल विकून नव्या जनावरात भर घालण्याची वाटही बंद झाली. त्याचे तोंड मात्र बंद होत नाही. तो रोज खातो, आणि तो जे खातो ते दुभत्या गाईच्या गव्हाणीतून जाते. श्रद्धा समाजाची आणि वैरण शेतकऱ्याची, अशी ही वाटणी आहे.

३० सप्टेंबर २०२४ रोजी राज्य शासनाने देशी गाईला ‘राज्यमाता-गोमाता’ घोषित केले आणि गोशाळांतील देशी गाईंसाठी दिवसाला प्रत्येकी ५० रुपये अनुदान मंजूर केले. म्हणजे जनावराच्या पोटाला रोज पैसा लागतो, हे शासनास कळते. मग तीच गाय गोशाळेत गेली की ५० रुपयांची आणि कुणब्याच्या दावणीला असली की शून्याची कशी? भाकड काळात गाय सांभाळणारा शेतकरी हा राज्यातील सर्वांत मोठा गोशाळाचालक आहे; फक्त त्याच्या दारावर पाटी नाही आणि पावतीपुस्तक नाही.

अंथरुणाचा प्रश्न

चाऱ्याबद्दल निदान ओरड तरी होते; अंथरुणाबद्दल कोणी चकार शब्द काढीत नाही. गाय दिवसाचा जवळजवळ अर्धा वेळ बसून रवंथ करते. दगडी किंवा सिमेंटच्या ओल्या जमिनीवर ती बसली तर गुडघे सोलतात, खूर नासतात आणि कासदाह होतो. कासदाहाच्या एका आजारपणात औषधाचा खर्च होतो, औषधाचा अंश असलेले दूध फेकावे लागते आणि पुष्कळदा एक सड कायमचा जातो. कोरडे अंथरूण हा चैनीचा नव्हे, बचतीचा विषय आहे.

पण अंथरायचे काय? ज्या प्रदेशात वैरण माणसाच्या धान्याइतकी महाग, तेथे खाण्याजोगा कडबा पायाखाली घालणे कोणासही शक्य नाही. म्हणून गव्हाणीतील उष्टावळ, झाडांचा पालापाचोळा, भाताचे तूस, भुईमुगाची टरफले आणि मुख्यतः उसाचे पाचट यांकडे वळले पाहिजे. एका हेक्टर उसातून आठ ते दहा टन पाचट निघते आणि त्यातील कितीतरी आजही पेटवून दिले जाते. शेजारच्या गोठ्यात गाय ओल्यावर बसलेली असते आणि बांधापलीकडे तिचे अंथरूण जळत असते. पाचट शेतातच कुजविणे हा जमिनीच्या दृष्टीने उत्तम मार्ग आहेच. जेथे ते होत नाही तेथे जाळण्यापेक्षा ते गोठ्यात यावे.

त्यात दुहेरी लाभ आहे. जनावराने खाल्लेल्या नत्रापैकी जे बाहेर पडते त्याचा सुमारे निम्मा भाग मूत्रातून जातो. अंथरूण नसेल तर तो गटारात वाहून जातो आणि तोच शेतकरी दुकानातून युरियाचे पोते उचलतो. अंथरुणाने तो शोषला तर उकिरड्यातून शेतात परततो. दूध संघाच्या पावतीवर या खताची नोंद नसते. पण अल्पभूधारकाच्या ताळेबंदात तीच एक खात्रीची जमा आहे.

अंथरुणाचा भार कोणावर टाकला जातो, याचा अधिक उघड नमुना करारावरील कुक्कुटपालनात दिसतो. पिल्ले कंपनीची, खाद्य कंपनीचे, भाव कंपनीचा; परंतु शेड, वीज, श्रम आणि जमिनीवर पसरावयाचे तूस हे सारे शेतकऱ्याचे. तुसाला विटभट्ट्या आणि कारखान्यांचे बॉयलर हे मोठे गिऱ्हाईक असल्याने तेही फुकट राहिलेले नाही. ज्याचा भाव चढतो तो खर्च शेतकऱ्याकडे आणि ज्यातून नफा निघतो ती किल्ली कंपनीकडे!

गोठ्यात आणि गावात

या परिस्थितीत आपण काय करावे? प्रथम, गोठ्यात जे करता येते ते तुच्छ मानू नये. खर्च कमी करण्याचे उपाय सांगणे हे कृषिखात्याचे काम, आपले काम लढ्याचे, ही समजूत घातक आहे. अख्खा कडबा टाकला तर धाटांचा खालचा भाग जनावर पायाखाली तुडविते. कुट्टी केली तर तोच कडबा अधिक दिवस पुरतो. भाताचा पेंढा किंवा गव्हाचा काड निकृष्ट खरा. पण १०० किलो पेंढ्यावर ४ किलो युरिया ५०–६० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून शिंपडला आणि हवाबंद करून २१ दिवस ठेवला तर त्याचे पोषणमूल्य वाढते. सहा महिन्यांखालील वासरांना असा चारा देऊ नये आणि युरियाचे पाणी जनावराच्या तोंडाशी जाऊ देऊ नये, हे सांगितल्याशिवाय ही कृती कोणास शिकवू नये. सर्व गाईंना एकाच मापाने खाद्य देण्याची पद्धत सोडून दुधाप्रमाणे माप दिले तर कमी दूध देणाऱ्या गाईपुढील पेंड वाचते. बांधावर शेवरी, हादगा, सुबाभूळ लावावे. मात्र सुबाभळीचा पाला हिरव्या चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक घालू नये.

परंतु या उपायांची मर्यादाही ओळखावी. कुट्टीयंत्राला भांडवल लागते, मूरघासाला एकदम पिकवलेला मका लागतो, आणि सुगीत स्वस्त कडबा भरण्यास रोकड लागते. एकट्या गरिबाला ‘काटकसर कर’ असे सांगणे म्हणजे ज्याच्याकडे काही नाही त्याला बचतीचा उपदेश करणे होय. जे एकट्याला अशक्य ते दहा दावणींना शक्य आहे. म्हणून गावपातळीवर चाऱ्याचे कोठार हा आपल्या कार्यक्रमाचा पाया असावा. रब्बीची काढणी होताच फेब्रुवारी-मार्चमध्ये कडबा सामुदायिक खरेदी करावा, कुट्टी करून साठवावा, आणि मे-जूनमध्ये खरेदीच्या भावावर केवळ खर्च चढवून प्रथम भूमिहीन व अल्पभूधारकांस द्यावा. कुट्टीयंत्र बचत गटाच्या बायकांच्या ताब्यात असावे, कारण वैरण तोडणारा हात त्यांचा आहे. दुष्काळ जाहीर झाल्यावर छावणी उघडणे आणि तिच्या बिलांवरून पुढाऱ्यांनी भांडणे, यापेक्षा हे कितीतरी स्वस्त पडेल.

सहकाराला त्याच्याच इतिहासाची आठवण करून दिली पाहिजे. ऑक्टोबर १९६४ मध्ये लालबहादूर शास्त्री आणंदला गेले ते कंजरी येथील सहकारी पशुखाद्य कारखान्याच्या उद्घाटनासाठी. तेथील दूध उत्पादकांचे जीवन पाहून देशभर तसे काम व्हावे असे त्यांना वाटले आणि १९६५ मध्ये राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ स्थापन झाले. म्हणजे ज्याला दुधाची क्रांती म्हणतात तिचे एक मूळ पशुखाद्याच्या कारखान्यात आहे. दूध गोळा करणे आणि खाद्य स्वस्त देणे या एकाच सहकाराच्या दोन बाजू होत्या. आपल्याकडे काही जिल्हा संघांनी पशुखाद्याचे कारखाने चालविले. पुष्कळांनी मात्र दूध गोळा करण्यापुरताच सहकार ठेवला आणि खाद्याची बाजू खाजगी कंपन्यांना सोडून दिली. सभासदांनी वार्षिक सभेत याचा जाब विचारावा. पोत्यावर प्रथिनांचे प्रमाण छापलेले असते. आत ते खरोखर तेवढे आहे काय, याची तपासणी संघाने करून निष्कर्ष डेअरीच्या फळ्यावर लावावेत.

आणि शासनापुढे आपल्या मागण्या नेमक्या असाव्यात. दुधाचा किमान दर पशुखाद्य व वैरण यांच्या भावाशी जोडलेला असावा आणि तो ठरविताना कौटुंबिक श्रमाची मजुरी धरली जावी. भाकड काळात जनावर सांभाळणाऱ्या अल्पभूधारक व भूमिहीन कुटुंबांना गोशाळांइतकेच अनुदान मिळावे. कोणतेही गायरान अन्य कामास देण्यापूर्वी त्यावर चरणाऱ्या जनावरांची गणती ग्रामसभेपुढे ठेवावी. सरकी पेंडीचे वायदे बंद करावेत.

या मागण्या मंत्रालयात नेण्यापूर्वी मात्र एक काम आपलेच आहे. प्रत्येक शाखेने आपल्या गावातील दहा दावणी निवडाव्यात. त्यांत निम्म्या तरी भूमिहीनांच्या असाव्यात. वर्षभर त्यांची वही लिहावी : किती पेंड, कोणत्या भावाने, कडबा कोठून, बाईचे तास किती, अंथरूण कशाचे, दूध किती, पैसा किती. ही वही लिहिण्यास मोठ्या विद्वत्तेची आवश्यकता नाही, चिकाटीची आहे. जे मोजले जात नाही त्याचे मोल कोणी देत नाही, हा गवताचा दीडशे वर्षांचा अनुभव आहे. पुढच्या वेळी दूध दराच्या बैठकीत मंत्र्यांसमोर बसताना आपल्या हातात घोषणांच्या फलकाबरोबर ही वहीही असली पाहिजे.